खुर्ची सोडायची नाही

...नाही पाहुणे, आत्ता नाही, बसा. बाही सोडतो मी, पण आधी खाली टेका बघू — हां, असं. मी काही मवाली नाही, शाळेची बस चालवतो, बावीस वर्षं झाली, या पोर्ट हॅनलीतली निम्मी पोरं ‘खाली बस’ म्हणून म्हणूनच मोठी केलीत मी, त्यामुळे हात आपोआप जातो. तुम्हाला लागलीय, कबूल. पण मुतारी काय पळून जातेय का? सातवा डाव चाललाय, आमचा पिचर, चेंडू टाकणारा, तिथं मधल्या उंचवट्यावर एकटा उभा आहे, आणि तुम्ही एक वाजल्यापासून ज्या खुर्चीत बसलात ती मोकळी करून जाणार? का नको? — का ते सांगता येत नाही. सांगितलं की संपलं. एक काम करा, त्या फलकाकडे बघा. खालची ओळ आमची, हेरन्सची — हेरन म्हणजे बगळा, आणि नाव अगदी बरोबर ठेवलंय, आमची पोरं एका पायावर उभी राहून तळ्याकडे बघण्यात तरबेज — तर बगळ्यांची एक धाव. वरची ओळ फोर्ट डार्बीवाल्यांची. तिथं धावांचा रकाना शून्य. त्याच्या शेजारचा रकाना — बघा आणि नजर काढून घ्या. मोठ्यानं वाचू नका. सहा डाव झाले, त्यांच्या एकालाही आमच्या पोराचा चेंडू धड मारून पहिला बेस, म्हणजे धावेतला पहिला टप्पा, गाठता आलेला नाही. याला एक शब्द आहे. दोन तुकड्यांचा — पहिला तुकडा म्हणजे ‘नाही’, आणि दुसरा म्हणजे बॅटनं जो मारतात तो. जोडू नका. मनातसुद्धा जोडू नका. पिचरचे नऊ डाव पुरे होईपर्यंत या मैदानात तो शब्द कोणी उच्चारायचा नाही, कोणी जागा बदलायची नाही, त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. नाट लागते. हसा, हसा. तुमच्याकडे ते क्रिकेट असतं ना, पाच दिवस चालतं आणि मधे सगळे उठून जेवायला जातात, तुम्हाला काय कळणार. हॉटेलवाल्यांनी फुकट तिकीट दिलं म्हणालात — फुकट आलात, पण आता फुकट जाता येणार नाही.

बाद. — बघितलंत? हवेत उडाला, डावीकडच्यानं झेलला. दोन बाद या डावात. तुम्ही बसलात म्हणून. मी काही म्हणत नाही, तुम्हीच विचार करा.

तर आपण दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलू. अशा वेळी दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायचं असतं. आमच्या गावात खेळाला कमी नाही. हिवाळ्यात हॉकी, धंदेवाईक संघ आहे आमचा, आइसब्रेकर्स — आधी मारामारी करतात, वेळ उरला तर हॉकी खेळतात. त्यांचा एक गोलकीपर होता, इतकं कमी दिसायचं त्याला, की एकदा सामना संपून लोक घरी गेले, बर्फ सारखा करणारं यंत्र मैदानात आलं, तर यानं ते अडवलं. सांगतो ना, मी तिथं होतो. गोल अडवला म्हणून दोन्ही हात वर केले त्यानं. मग सेंट ब्रेंडन कॉलेज, त्या चिमणीच्या पलीकडे दिसतंय ते. त्यांच्या बास्केटबॉलबद्दल माझं मत विचारा. विचारा. — त्यांच्या प्रशिक्षकाकडे गेली सहा वर्षं एकच डावपेच आहे, चेंडू उंच पोराकडे द्या. उत्तम डावपेच. उंच पोरगा दोन वर्षांपूर्वी पास होऊन गेला. डावपेच तोच आहे. आता सगळे चेंडू हातात घेऊन उंच पोराला शोधत बसतात. आणि कॉलेजचा फुटबॉल, आमच्याकडचा, चेंडू हातात घेऊन पळायचा तो — धुक्यातला सामना ऐकलाय तुम्ही? तळ्यावरून धुकं आलं, असं धुकं की स्वतःचा हात ओळखीचा वाटेना, आणि आमचा एक गडी चेंडू काखेत मारून जो धावत सुटला तो मैदानाबाहेर, पुलावरून, पलीकडच्या गावात. हॉटेलात पॅनकेक खाताना सापडला. वेट्रेसला विचारत होता, गुण मिळाले का. — धुक्यात मला कसं दिसलं? दिसलं नाही. ऐकू आलं. तुम्ही फार बारकाईनं ऐकता, पाहुणे. आणि मोठ्या शहराच्या मोठ्या संघांबद्दल मी बोलत नाही. डॉक्टरांनी मना केलंय.

थांबा. — थांबा, थांबा. — तिसरा बाद. सात डाव.

आता सगळे उभे राहतील. सातव्याच्या मधे सगळं मैदान उभं राहून गातं, ही पद्धत. तुम्हाला वाटेल, झालं, आता निसटावं. तर नाही. उभं राहायचं, पण पावलं हलवायची नाहीत. अहो, माझ्या पायावर पाय देऊन जाल तर पायसुद्धा तिथंच राहील माझा, मी सांगून ठेवतो. गा. शब्द येत नसले तरी तोंड हलवा. — बसा. छान आवाज आहे तुमचा, चर्चमधे चालला असता.

पिचर कोण? तो एकेचाळीस नंबरचा? मला काय माहीत. इथं शर्टावर नावं नसतात, क्लब म्हणतो अक्षरांना खर्च येतो. भोंग्यावर ओवेन ह्रुस्का म्हणाले ना मघाशी — असेल कोणी ओवेन ह्रुस्का, गावातलाच कुणाचा तरी पोरगा. एकोणतीस वर्षांचा. डाव्या हाताचा. कोपराचं ऑपरेशन झालेलं, वरच्या क्लबनं परत पाठवलेला. सकाळी अंडं खात नाही, खेळायच्या दिवशी. — असंच, कानावर आलेलं. गाव लहान आहे.

ती बघा लाल जाकिटातली, डॉलोरेस, या विभागात लोकांना खुर्च्या दाखवायचं काम हिचं, सत्तर वर्षांची आहे आणि मैदान बांधायच्या आधीपासून इथं उभी आहे. — काय गं डॉलोरेस? — टोपी? टोपीला काय झालं? — फोर्ट डार्बीची आहे, दिसतंय मला, मी पार्टी बदललेली नाही. ऊन लागतं म्हणून घातली. — चष्मापण उन्हासाठीच. — आणि चार माणसांत मिस्टर ह्रुस्का काय म्हणतेस, रे म्हण की. जा, तिकडे बघ, त्या बाईनं पायऱ्यांवर आइस्क्रीम सांडलंय.

...असं टक लावून बघू नका माझ्याकडे. पिचर आता डगआउटमधे, खेळाडूंच्या त्या छपराखाली बसलाय, तिकडे बघा. बाकाच्या टोकाला तो एकटा, आणि बाकीचे वीस जण दुसऱ्या टोकाला चेंगरून. दिसतंय ना? कोणी त्याच्याजवळ जात नाही, पाणीसुद्धा लांबून सरकवतात. तशीच रीत आहे. बरी रीत आहे. बघवत नाही, पण बरी आहे.

ह्रुस्का आडनावाची या गावात पुष्कळ माणसं आहेत. — चार घरं. — बरं, दोन.

हे बघा, मी तुम्हाला माझ्या एका ओळखीच्याची गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल मी बाही का धरली. एकतीस वर्षांपूर्वी, सेंट ब्रेंडन कॉलेजचा बेसबॉल संघ, वर्षाचा शेवटचा सामना. दोघे भाऊ एका संघात. थोरला पिचर — असा पिचर या तळ्याच्या काठावर झाला नाही, चेंडू टाकायचा तर आधी चेंडू मागं झेलायला बसलेल्या कॅचरच्या हातात पडायचा आणि मग लोकांना याचा हात हललेला दिसायचा. धाकटा म्हणजे राखीव कॅचर, राखीवमधलाही राखीव, बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया खाणं हे त्याचं मुख्य काम. कुंपणाला टेकून एका मोठ्या क्लबचा माणूस उभा, वही घेऊन, खास थोरल्यासाठी आलेला. आठ डाव झाले आणि समोरच्यांचा तो दुसरा रकाना — तसाच. थोरला येऊन बाकाच्या टोकाला बसला. सगळे दुसऱ्या टोकाला. आणि तो काय करत होता माहिताय? हातातल्या टॉवेलची घडी घालत होता. घालायची, उलगडायची, परत घालायची. थंडी वाजल्यासारखा. मे महिना, आणि थंडी. वीस वर्षं एका खोलीत झोपलेला भाऊ, आणि त्याच्याकडे कोणी बघेना, जसा काही मेलाय. तर मी उठलो आणि — म्हणजे धाकटा उठला. धाकटा उठला आणि जाऊन त्याच्याशेजारी बसला.

चूप. आठवा डाव सुरू झाला. चूप म्हणजे मीच चूप, तुम्ही कुठं बोलताय.

एक बाद. बघा, कसा वळला चेंडू. कोपरानं साथ दिली पाहिजे अजून. शंभराच्या आसपास चेंडू झाले असतील, मी मोजत नाही. अठ्ठ्याण्णव.

तर शेजारी बसला. बियांची पिशवी पुढं केली आणि म्हणाला, ‘डेनी, खा थोड्या. आता तीनच गडी राहिले, मग तुझा —’ आणि तो शब्द. अख्खा. दोन्ही तुकडे जोडून. बाकावरच्या वीस जणांनी श्वास घेतला तो मला अजून ऐकू येतो. डेनीनं पिशवी हातानं उडवली, बिया सगळ्या सिमेंटवर. तो मैदानात गेला. पहिलाच चेंडू, एक मरतुकडा फटका, गवतात लोळत लोळत दोघांच्या मधून गेला, कोंबडीचं पिल्लूसुद्धा आडवं आलं असतं तर अडला असता. मग दुसरा, मग तिसरा, सामना गेला. वहीवाल्यानं वही मिटली आणि गाडीत जाऊन बसला. डेनी काच कारखान्यात लागला, आज तिथं फोरमन आहे. आणि त्या दिवसापासून — हो, मीच तो. तुम्हाला मघाशीच कळलं होतं, आता काय भुवया उडवता. एकतीस वर्षं. आईला नेलं तेव्हा शवपेटीला पुढून तो डावीकडे, मी उजवीकडे, मधे आई. पायऱ्या उतरताना कोणाला तरी ‘सावकाश’ म्हणावं लागतं, तेही आम्ही पाद्रीबाबांना म्हणायला लावलं.

अरे देवा. — थांबा. — हे काय झालं? तिसऱ्या बेसवरच्या पोराच्या हातून चेंडू निसटला, मारणारा पोचला पहिल्या बेसवर. पोचला. आता — बोलू नका — आता वर त्या काचेच्या खोलीत एक माणूस बसलाय, तो ठरवणार. चेंडू मारणाऱ्यानं कमावला म्हणतो की आमच्या पोरानं घालवला. कमावला म्हटलं तर त्या दुसऱ्या रकान्यात एक पडेल आणि सगळं संपलं. घालवला म्हटलं तर खाली, आमच्या ओळीत, शेवटी, चुकांमधे एक. फलकाकडे बघा. चार हजार माणसं फलकाकडे बघतायत. ओवेन बघत नाहीय. तो चेंडू चोळतोय. — लाव रे काहीतरी. — लाव.

चूक. चूक लागली. आमची चूक. — टाळ्या ऐकताय? स्वतःच्या संघाची चूक लागली म्हणून चार हजार लोक टाळ्या वाजवतात आणि त्या तिसऱ्या बेसवरच्या पोराला जमीन पोटात घेईल तर बरं झालंय. बघा त्याच्याकडे. मान खाली. कुणाच्या तरी नावावर लागावीच लागते, पाहुणे. ती कुठंतरी लिहिल्याशिवाय पुढचा चेंडू टाकता येत नाही.

बाद. आणि — बाद. आठ डाव. बसा. अजून तीन गडी.

मी इथं असायला नको होतो, खरं सांगतो. ओवेन खेळतो त्या दिवशी मी आत येत नाही. मैदानाच्या भिंतीपलीकडे टायरचं दुकान आहे, त्याच्यासमोर गाडी लावतो आणि रेडिओवर ऐकतो. लोकांचा ओरडा भिंतीवरून आधी येतो आणि रेडिओवर मागून, म्हणजे चांगलं झालं की वाईट ते मला आधी कळतं आणि काय झालं ते नंतर. चार वर्षं असंच. त्याची आई सांगते मला त्याचं, अंडं खात नाही वगैरे, दुकानात भेटली की भाज्यांच्या आडून. आज फलकावर दुसऱ्याचं नाव होतं. दुसराच फेकणार होता, म्हणून मी निवांत तिकीट काढून आलो, हॉट डॉग घेतला, बसलो. आणि त्याची कंबर धरली, तयारी करताना, आणि भोंग्यावर म्हणाले, त्याच्याऐवजी ओवेन ह्रुस्का. हॉट डॉग घशात. ही टोपी इथंच पायऱ्यांवर घेतली, त्यांच्या एका पोराकडून, माझी चांगली टोपी देऊन. म्हटलं पहिला डाव झाला की गुपचूप निघायचं. पण पहिल्या डावात तीन गडी, तिन्ही बाद. म्हटलं दुसरा झाला की. मग दुसऱ्यातही. मग कसं निघायचं? राहिलो तर माझी नाट, निघालो तर जागा सोडल्याची नाट. तुम्ही असता तर काय केलं असतं? — तेच. म्हणून बसलोय. तुमच्यासारखाच बसलोय, मलाही दुसऱ्या डावापासून लागलीय.

समोर बघा, जाळीच्या पलीकडे, तिसऱ्या बेसच्या बाजूला, निळा शर्ट, पाठ ताठ. तो डेनी, ओवेनचा बाप. आणि त्याच्या दोन्ही अंगांच्या खुर्च्या बघा. मोकळ्या. दोन इकडे, दोन तिकडे. सगळं मैदान भरलंय आणि त्या चार खुर्च्या मोकळ्या. बापालाही जवळ करत नाहीत अशा दिवशी. बायको त्याची घरी, तिला हे सोसत नाही. हातात काय आहे त्याच्या? मला लांबचं दिसत नाही या चष्म्यातून. तुम्हाला दिसतं? — टोपी? — कागद. कार्यक्रमाचा कागद. काय करतोय त्याचं? — घडी घालतोय.

... नाही. मी जाणार नाही. एकदा गेलो होतो.

नववा. आमची पोरं आत गेली, काही न करता परत आली, म्हणजे एकच धाव, तेवढ्यावर निभवायचं. ओवेन आला. बघा कसा चालतो, डावा खांदा जरा खाली, डेनी असाच चालायचा. पहिला गडी. — हुकला. — हुकला. — हं. — हुकला. बाद. एक बाद. पाहुणे, माझा हात धरा. नको, धरू नका, आधी धरला नव्हता. आधी होतं तसंच राहू द्या.

हे काय? डेनी उठला.

डेनी उठला. कोणी उठत नाही हो या वेळी. आणि डेनी — जो ओवेन खेळायच्या दिवशी बुटाची नाडीसुद्धा डावी आधी बांधतो — तो उठून चालायला लागला. बाहेर चाललाय. नाही, बाहेर नाही. जाळीमागच्या रस्त्यानं. इकडे येतोय. ओळखलं. टोपीनं नाही फसला, माझी बसायची ढब ओळखली असणार, चष्मा घालून ढब बदलत नाही. मला बाहेर काढायला येतोय. बरोबर आहे त्याचं. मीही तेच केलं असतं, नाट दिसली तर उचलून भिंतीपलीकडे टाकली असती. डॉलोरेस, त्याला अडव — ती कुठली अडवतेय, बाजूला झाली. पाहुणे, तुम्ही हलू नका. काही झालं तरी तुम्ही हलू नका. दुसरा गडी मारतोय — उंच गेला — उंच — वारा तळ्याकडून आहे, परत आणेल, आणेल — झेलला. दोन बाद. एक गडी. आणि तो पायऱ्या चढतोय.

डेनी.

हे बघ, डेनी, मला माहीत नव्हतं तो फेकणार, फलकावर दुसराच होता, तू कुणालाही विचार. मी एक शब्द बोललेलो नाही. हे पाहुणे साक्षीला आहेत, नऊ डाव मी हॉकीबद्दल बोलतोय. मी जातो. आत्ता उठतो, तू म्हणशील तर, पण आत्ता उठलो तर — एकच गडी राहिलाय, डेनी —

काय? — सरक?

कुठं सरकू? मी पहिल्या डावापासून याच खुर्चीत आहे, मी नाही सरकू शकत, तुला कळतंय ना मी काय म्हणतोय ते. — हो. — हो, बस ना. बस. मी कुठं नको म्हणतोय. तिकडे एकटा कशाला बसतोस.

पाहुणे. उठा. — अहो, उठा. मघापासून लागलीय ना तुम्हाला? मग जा की. मुतारी पायऱ्या उतरून डाव्या हाताला. रीत काय सांगता मला, रीत माझ्या खुर्चीची आहे, तुमचं काय, तुम्ही हॉटेलच्या तिकिटावर आलेले. चला, गुडघे आवरा, माझा भाऊ उभा आहे. — आणि सावकाश जा, पायऱ्यांवर आइस्क्रीम सांडलंय. आणि परत येऊ नका.